ता म्हणजे कोण

वाइके या नावाचा अर्थ गप्प, शांत. आमच्या तार्तू गावात जुन्या पिढीतल्या डझनभर वाइके असतील आणि त्यातल्या निम्म्या अखंड बडबडतात. हिनं मात्र नाव मनावर घेतलं होतं. आठ वर्षं ती आमच्या ग्रंथालयात येत होती, आणि तेवढ्या काळात माझ्याशी जे बोलली ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. पुस्तक परत करताना "बरं होतं" किंवा "बरं नव्हतं." लेखकानं चार वर्षं रक्त आटवलेलं असो, वाइकेकडे निकाल एवढाच.

मी उर्वे. पुस्तकं द्यायला म्हणून या नोकरीत आले आणि तेहेतीस वर्षं इथंच आहे. आता माझा अर्धा दिवस पुस्तकांत जातच नाही. म्हातारी माणसं ओळखपत्र हातात धरून टेबलापाशी येतात. कुणी गुप्त आकडे विसरलेलं असतं, कुणाला डॉक्टरची चिठ्ठी उघडत नाही, कुणाला करभरणीचं पान सापडत नाही. सगळं सरकार संगणकात जाऊन बसलं आणि दार उघडायची किल्ली माझ्या गळ्यात पडली. मी तापट आहे. आधी करवादते, मग करून देते. लोकांना सवय झाली आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात वाइके अशीच ओळखपत्र घेऊन उभी राहिली.

"मला घरातून काढताहेत," ती म्हणाली. "उत्तर द्यायचं आहे म्हणे."

मुदत चौदा दिवसांची होती आणि त्यातले बारा तिनं घरी बसून काढले होते. मी कपाळावर हात मारला. इतके दिवस काय केलंत, असं विचारलं तर म्हणाली, तुम्ही कामात असता.

ती वाटाण्याच्या रस्त्यावर राहायची. आमच्या भागातल्या रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत, आणि घरं लाकडी, दुमजली, थोडी वाकलेली. त्यातल्या एकात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर होतं. ते घर एन्डेलचं. एन्डेल बाजारातले वजनकाटे दुरुस्त करायचा. वाइके हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती. कारखाना बंद पडला, कामगारांचं वसतिगृह विकलं गेलं, आणि ती एक पेटी घेऊन एन्डेलकडे भाडेकरू म्हणून आली. हिवाळा तेवढा काढते, असं ठरलं होतं. त्यानंतर एकतीस हिवाळे गेले. भाड्याचा कागद कधी झालाच नाही. पहिल्या काही वर्षांनंतर भाडंही कुणी मागितलं नाही आणि कुणी दिलं नाही. ती स्वयंपाक करायची, तो लाकडं फोडायचा. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एकच शेगडी होती. पेटवली की भिंत दोन्हीकडून तापायची. संध्याकाळी तो त्या बाजूनं पाठ टेकून बसायचा, ही या बाजूनं. एकतीस वर्षांत दोघं एकमेकांना "तुम्ही" म्हणत. हे मला तिनं सांगितलं नाही, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं सांगितलं. तो हसून सांगत होता. मला हसू आलं नाही.

मार्चमध्ये एन्डेल वारला. घर त्याच्या पुतण्याकडे गेलं, तार्मोकडे. तार्मो राजधानीत लिफ्टची कामं करतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या लेखी वाइके म्हणजे काकाकडची कोणीतरी बाई. त्याला घर दुरुस्त करून विकायचं होतं. त्यानं फोनवर तिला दोन महिने दिले. ती "बरं" म्हणाली आणि जागची हलली नाही. मग त्यानं घरतंट्यांच्या ऑनलाइन न्यायालयात अर्ज केला.

या न्यायालयाची रीत अशी. दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं आणि कागद भरायचे. ते सगळं आधी यंत्र वाचतं आणि तडजोड सुचवतं. दोघांना पटली तर तिथंच मिटलं. नाही पटली तर न्यायाधीश पडद्यावर येऊन ऐकून घेतात. यंत्राला आमच्याकडे सगळे क्राट म्हणतात. लहानपणच्या गोष्टींत क्राट असायचा: मालकानं गवत, जुनी केरसुणी, फुटकं मडकं बांधून केलेला गडी, सांगाल ते निमूट करणारा. काम नाही दिलं की मालकाचीच मान मुरगळायचा. हे सरकार विसरलेलं दिसतं.

वाइकेच्या बाजूनं कागद एकच होता. एन्डेलच्या खणात पुतण्याच्या नावाचं पाकीट सापडलं होतं, आणि तार्मोनं प्रामाणिकपणे त्याचा फोटो अर्जाला जोडला होता. पेन्सिलीनं लिहिलेल्या पाच ओळी:

"तार्मो, घर तुझं. लाकडं दोन हिवाळे पुरतील. धुराडं दर वर्षी साफ करून घे. त्रीबूला दूध देऊ नकोस, पोट बिघडतं, वाइकेला माहीत आहे. जगेल तोवर ता इथंच राहू दे."

त्रीबू म्हणजे मांजर. अंगावर पट्टे, वय चौदा.

आता आमच्या भाषेची खोड सांगायला हवी. तो, ती, ते अशी वाटणी आमच्याकडे नाही. पुरुष असो, बाई असो, घोडा असो, मांजर असो, सगळ्यांना एकच शब्द, ता. आम्हाला त्यात कधी अडचण येत नाही, कारण कुणाबद्दल बोलतोय ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. एन्डेललाही ठाऊक होतं. त्यानं लिहिलं, पाकीट बंद केलं आणि मेला.

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि वाइकेकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती. तिचे कान लाल झाले होते.

"हे तुमच्याबद्दल आहे," मी म्हणाले.



अर्जात एक रकाना होता, मृताशी आपले नाते. खाली यादी: पत्नी, सहचर, नातेवाईक, भाडेकरू, इतर. मी सहचर या शब्दावर बाण नेऊन ठेवला. कायद्यानं त्या शब्दाला वजन आहे. एकतीस वर्षं एका चुलीवर शिजवलेलं खाल्लंय, खालचा शेजारी साक्ष देईल, मी समजावत होते. पुन्हा पुन्हा सांगितलं की हा एक शब्द टाकला की निम्मं काम झालं. तिनं मान हलवली.

"ते असं कधी म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "त्यांच्या माघारी मी कशी म्हणू?"

"मग काय होतात तुम्ही?"

तिनं बराच विचार केला. तिच्यामागे तीन माणसं रांगेत ताटकळली होती. शेवटी म्हणाली, "इतर."

इतर. मी रागारागानं ते दाबलं आणि उत्तर पाठवून दिलं. त्या दिवशी घरी जाऊनही तो शब्द मला टोचत राहिला. एकतीस वर्षांनंतर माणसाच्या हाती एवढाच शब्द यावा, याचा मला फार राग आला. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं.

तीन दिवसांत क्राटचा कागद आला. शुद्ध, सभ्य, एकही चूक नसलेला. चिठ्ठीतलं ते वाक्य मांजराच्या आहारासंबंधीच्या मजकुराला लागून येतं, असं त्यात होतं. "वाइकेला माहीत आहे" हा त्यातला अनुषंगिक उल्लेख. सबब ता म्हणजे मांजर असण्याची शक्यता जास्त. मांजराला मरेपर्यंत त्या घरात राहू द्यावं, ही मृताची इच्छा मानावी. आणि मांजर एकटं राहू शकत नसल्यामुळे त्याची देखभाल करणारी व्यक्ती, म्हणजे वाइके, हिनं मांजर जिवंत असेपर्यंत तिथं राहावं. त्यानंतर तीस दिवसांत घर सोडावं.

तार्मोनं ताबडतोब मान्य केलं. चौदा वर्षांचं मांजर किती दिवस काढणार, असा त्याचा हिशेब असणार. मी त्याला दोष देत नाही. न्यायालयात जाऊन मांजराशी भांडायला कुणाला आवडेल?

मी वाइकेला तडजोड नाकारायला लावली. होय, लावली. ती मान्यच करत होती. मी म्हणाले, निदान माणसासमोर एकदा बोला. ऑगस्टमध्ये तारीख लागली. ग्रंथालयातली मुलांच्या चित्रांची खोली मी बंद करून घेतली. वाइके निळा कोट घालून आली, कॉलरला चांदीची पिन लावलेली. एका पडद्यावर तीन चौकोन होते: न्यायाधीश बाई, तार्मो आणि आम्ही. न्यायाधीश बाई चाळिशीच्या, आवाज मऊ. घाई करत नव्हत्या. मला वाटलं, आपलं काम होणार.

त्यांनी विचारलं, एन्डेल तुम्हाला कोण मानत होते? वाइके म्हणाली, ते मला तुम्ही म्हणायचे. तार्मोनं हसू दाबलं, पण मग त्याचा चेहरा पडला. न्यायाधीश बाईंनी पुन्हा विचारलं. एकत्र जेवत होता? हो. आजारपणात तुम्ही पाहिलंत? हो. शेवटच्या दिवसांत ते काही बोलले? लाकडं ओली आहेत म्हणाले.

मग बाई पुढे झुकल्या. "मी एवढंच विचारते. या चिठ्ठीतला ता म्हणजे तुम्ही आहात, असं तुमचं म्हणणं आहे का? तुम्ही शपथेवर सांगितलंत तर मी ते विचारात घेईन."

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. मला त्याची लाज वाटत नाही. हो म्हणायचं होतं, बस. सगळं घर त्या एका शब्दावर उभं होतं.

वाइके इतका वेळ गप्प राहिली की पडदा अडकला असं वाटून तार्मोनं आपला माइक तपासला.

"ते वाक्य मला पाठ आहे," ती म्हणाली. "कधी वाचलं की मी असते. कधी वाचलं की मांजर असतं. मी असते तर फार बरं झालं असतं. पण शपथेवर नाही सांगता येणार."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. क्राटची तडजोड कायम झाली. आवाज इतका मऊ होता की निकाल लागला हे वाइकेला मला सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. लोक वळून बघत होते. मी म्हणाले, मांजराची भाडेकरू झालात, शोभतं का हे? ती म्हणाली, त्रीबू भांडखोर नाही. मग छत्री उघडून वाटाण्याच्या रस्त्याकडे चालू लागली.

तडजोडीत एक अट होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला न्यायालयाच्या पानावर जाऊन ओळखपत्र घालून जबाब द्यायचा. सप्टेंबरमध्ये वाइके टोपलीत मांजर घालूनच आली. तिला वाटलं, दाखवावं लागतं. ग्रंथालयात मांजर आणलेलं कोणी पाहिलं असतं तर माझी खैर नव्हती. मी टोपलीवर कोट टाकला. पान उघडलं तर त्यावर एकच ओळ होती, "ता जिवंत आहे का?" आणि खाली हो, नाही. क्राट काही बाबतीत फार काटकसरी. वाइकेनं चष्म्यातून नीट वाचलं, हो या शब्दावर बोट ठेवलं, आणि मांजराला हळूच म्हणाली, आता घरी चल.

मदत करणाऱ्याचं नाव लिहायला खाली एक रकाना होता. मी लिहिलं.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. ती यायची, टोपलीशिवाय. पुस्तक द्यायची, बरं होतं किंवा बरं नव्हतं म्हणायची, मग आम्ही ते पान उघडायचो. मी दर वेळी विचारायचे, कसं आहे मालक? ती म्हणायची, खातंय. माझ्या ध्यानात येऊ लागलं की पान उघडताना ती खुर्ची सरकवून सरळ बसते, बटणं लावते. एरवी कुणाच्या दारात गेली तरी इतकी सावरून बसत नसेल. मला वाटायचं, न्यायालयाचा धाक.

एप्रिलच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की तिची दोन पुस्तकं उशिरा झाली आहेत. वाइकेकडून असं कधी होत नाही. सुट्टी झाल्यावर मी नवी पुस्तकं पिशवीत घालून वाटाण्याच्या रस्त्यावर गेले. एवढ्या वर्षांत तिच्या घरी मी पहिल्यांदा जात होते, आणि जिना चढताना मला त्याचं वाईट वाटलं. दार तिनंच उघडलं. सर्दीनं नाक लाल झालेलं. घर झाडून पुसून लख्ख, टेबलावर राईच्या ब्रेडचा तुकडा आणि ताकातलं लोणी. शेगडी तापलेली होती. तिनं कॉफी केली. आम्ही बसलो, आणि थोड्या वेळानं मला कळलं की आपण काय शोधतोय.

"त्रीबू कुठे आहे?"

"सफरचंदाच्या झाडाखाली," ती म्हणाली. "फेब्रुवारीत गेलं. जमीन गोठलेली होती. तोपर्यंत सरपणाच्या खोलीत ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात माती सुटली."

मी कप खाली ठेवला. फेब्रुवारी. म्हणजे मार्चच्या पहिल्या तारखेला आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला ती माझ्या शेजारी बसली होती, आणि मी विचारलं होतं कसं आहे मालक. आठवून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं उत्तरच दिलं नव्हतं. ती उत्तर देत नाही याची मला इतकी सवय होती की मी ऐकायचंच सोडलं होतं. आणि खाली माझं नाव, दोन्ही वेळा, माझ्या हातानं लिहिलेलं.

"वाइके," मी म्हणाले, "तुम्ही न्यायालयाला खोटं सांगितलंत."

"नाही सांगितलं."

"मांजर मेलंय आणि तुम्ही हो दाबलंत."

"मांजर जिवंत आहे का, असं कुठे विचारतात?" ती म्हणाली. "ता जिवंत आहे का, एवढंच विचारतात. मी आहे."

मला रागच आला, कारण तोच माझ्यापाशी तयार असतो. मी म्हणाले, हेच न्यायाधीश बाईंसमोर बोलला असतात तर घर कायमचं तुमचं झालं असतं. तेव्हा तोंड शिवलं होतं का? आता यंत्रासमोर बरी हिंमत झाली.

तिनं नाक पुसलं. रुमालाची घडी केली, मग पुन्हा केली.

"तेव्हा बाई विचारत होत्या, एन्डेलच्या मनात काय होतं. ते मला कसं कळणार? हे तसं विचारत नाही." ती थांबली. मला वाटलं, संपलं बोलणं. पण संपलं नव्हतं. "दर महिन्याला पहिल्या तारखेला विचारतं, ता जिवंत आहे का. उर्वे, दुसरं कोणी विचारत नाही."

मला तिच्याकडे बघवेना. मी शहराच्या त्याच भागात राहते, तिच्या घरापासून चार रस्ते पलीकडे. आठ वर्षं तिच्या हातात पुस्तकं दिली. मांजर कसं आहे, हे मात्र दर महिन्याला न चुकता विचारलं.

मी तिला कळवायला सांगितलं नाही. कळवू नका असंही सांगितलं नाही. कॉफी संपवली आणि निघाले. तार्मोला कधीतरी कळेल. त्या जिन्यावरून तो एक दिवस चढून येईल, आणि टोपली रिकामी दिसेल. मग काय होईल ते मला ठाऊक नाही, तिला ठाऊक आहे.

मे महिन्याची पहिली तारीख सुट्टीची, म्हणून ती दोन तारखेला आली. दोन्ही पुस्तकं परत केली. एक बरं होतं, एक बरं नव्हतं. मी पान उघडलं, आणि या वेळी तिला वाचू दिलं नाही. स्वतःच मोठ्यानं वाचलं, तिच्याकडे बघत. "ता जिवंत आहे का?"

"आहे," वाइके म्हणाली, आणि हो दाबलं.

खालच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.